ताण नको, जाच चालेल

संत्र्याच्या आंबिया बहराची फुलं फुटली की आमच्या सौसरची हवा जड होते. बगिच्यांकडून वारा आला की तो वास गल्लीत शिरतो, दोरीवरच्या गोधड्यांत जाऊन बसतो, मळलेल्या कणकेलासुद्धा लागतो की काय असं वाटतं. अशा सकाळी मी आणि माझी नात अंगणात उन्हाला बसतो. तिच्या हातात पाण्याची बाटली, माझ्या हातात काही नाही. म्हातारपणी रिकाम्या हातानं बसायला मिळालं, हेच केवढं. ऊन पाठीवर हळूहळू चढत जातं, डोळे आपसूक मिटतात, आणि मग नात रोजचा प्रश्न विचारते.

"आजी, तुह्यं रक्त आता काय करून राहिलं असन?"

"झोपलं असन."

"आतापर्यंत?"

"मंग? त्याले का शाळा आहे?"

नव्या माणसानं ऐकलं तर म्हणेल, या दोघींना काय झालं बापा. तर सांगते. माझं थोडंसं रक्त नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, फ्रीजमध्ये ठेवलेलं आहे. मी इथं, ते तिथं. ते तिथं कसं गेलं ते सांगायचं तर आधी आमच्या वस्तीतला 'जाच' सांगावा लागेल.

मी शाळेत गेली नाही. लग्न होऊन वरुडाकडून इकडे आली तेव्हा अक्षर माहीत नव्हतं. कापूस वेचायला जाता-येता रस्त्यावरच्या पाट्या, भिंतीवरच्या साबणाच्या जाहिराती, बसच्या कपाळावरची गावं, यांतून एकेक अक्षर वेचत गेली. पांढुर्ण्याचा 'पां' मला सगळ्यात आधी आला, कारण ती बस हात दाखवला की आमच्यासाठी थांबायची. आता इथली गंमत अशी, की सौसर पडलं मध्य प्रदेशात, म्हणून घरात आपली मराठी आणि भिंतीवर सगळी हिंदी. अक्षरं दोघींची तीच. हिंदी येत नाही असं नाही, बाजारात-दवाखान्यात हिंदीच बोलतो आम्ही. पण वाचायला लागली की माझी जीभ माहेरी जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या बुद्धविहाराच्या भिंतीला बॅनर लागलं. मी बायांना मोठ्यानं वाचून दाखवलं, "सिकलसेल की... मुफ्त... जाच."

माझी एक शेजारीण आहे. तिच्याबरोबर संत्रे निवडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मोठे एकीकडे, बारके एकीकडे, आणि तोंडाचा पट्टा सुरू. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मुफ्त जाच? त्याच्यासाठी विहारात काऊन जाचं? माह्या घरी सासू आहे ना!"

"तुही सासू मरून किती वर्सं झाले वो!"

"तरी सुरूच आहे बापा. सपनात येते."

बाया हसून हसून खाली बसल्या. बॅनरवर हिंदीत 'जाँच' होतं, म्हणजे तपासणी, पण तेव्हापासून आमच्या वस्तीत तपासणीला जाचच म्हणतात. रक्ताचा जाच, साखरेचा जाच, डोळ्याचा जाच. "आज जाचाले जाचं आहे," असं कोणी म्हणालं की बाहेरगावचा पाहुणा घाबरून पाहतो.

तेव्हा माझी नात अजून शाळेत जात नव्हती. तिचे हातपाय मधूनच सुजायचे, ताप यायचा, आणि ती रडत रडत सांगायची, "आजी, हाड दुखते." एवढ्याशा पोरीला आपल्या अंगात हाड कुठं आहे ते कसं कळावं? कोणी वात म्हणालं, कोणी वाढीचं दुखणं म्हणालं. शेजारीण म्हणाली, "जामसावळीच्या मारुतीले नेऊन पाह्य, लोक कुठून कुठून येतात." आमच्या घरात तसं काही करत नाहीत. पण पोर रडत असली की माणसाचे पाय कुठंही वळतात, खोटं का बोलू. तेव्हा माझी सूनच म्हणाली (आमच्याकडे सुना सासूला मामीजी म्हणतात), "मामीजी, आधी तो जाच तरी करून पाहू."

विहारात सतरंजीवर बसून सगळ्यांच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या पाण्यात सोडला. ज्याचं पाणी गढूळ झालं, त्याला म्हणाले, बाजूला बसा. आमचं अख्खं घर बाजूला बसलं. मग दंडातून रक्त काढून मोठ्या जाचाला पाठवलं, आणि तो आला तेव्हा नर्सताईनं समजावून सांगितलं. नातीला आजार आहे. मुलगा, सून आणि मी, आम्ही वाहक.

"वाहक म्हणजे?" मी विचारलं.

"आपको बीमारी नहीं है, माँजी. पर आपके खून में है, आगे जा सकती है."

मला तर वाहक म्हणजे आमच्या वरुडाकडच्या लाल बसमधला कंडक्टर माहीत. म्हणजे आम्ही तिघंही कंडक्टर निघालो, आणि तिकीट फाटलं ते नातीच्या नावानं.

शेजारणीनं सुनेकडे पाहिलं. "तुमच्या माहेरी कोनाले होतं काय वो?" सुनेची मान खाली गेली. मी म्हटलं, "तिच्याकडून अर्धं आलं, अर्धं माह्याकडून आलं. ताईनं आताच सांगितलं ना, दोन्हीकडून आल्याबिगर होत नाही. पाहाचं तं माह्याकडे पाह्य." शेजारीण म्हणाली, "तुह्याकडे तं रोजच पाहतो, कंटाळा आला." आणि तिनं सुनेसाठी चहा आणला. तिचं बोलणं असंच, पुढं काटा आणि मागं साखर.

त्यानंतर नागपूरला गेलो. तिथली डॉक्टर म्हणजे माझ्या धाकट्या लेकीएवढी मुलगी, आवाज असा की झोप यावी. तिनं नातीला स्टुलावर उभं केलं आणि त्या दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळा लावायला सांगितला. पोरीनं दुसरा डोळा हातानं झाकला. मग म्हणाली, "आजी, संत्रे!"

"कुठं?"

"माह्या रक्तात. गोल गोल संत्रे. अन् फोडी बी आहेत. कोनं सोलले?"

मग मी पाहिलं. एवढं आयुष्य गेलं, पण तसं काही मी पाहिलं नव्हतं. फिकट गुलाबी अंगणात कोणी संत्र्यांचा ढीग मोडून पसरून ठेवला होता, हात लावला तर घरंगळतील असे. आणि मधे मधे बारीक, टोकदार, वळलेल्या फोडी. डॉक्टर म्हणाली, खरं तर हा आकार विळ्यासारखा आहे, इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून नाव पडलं. इळा तर मी जन्मभर हातात धरला. तो पोरीच्या रक्तात कसा गेला? मी डोळा काढेना. मागून सून म्हणाली, "मामीजी, बाकीचे लोक थांबून राहिले." यंत्रापासून बाजूला झाली तरी माझ्या डोळ्यांत ते गुलाबी अंगण किती तरी वेळ होतं. परतताना बसच्या खिडकीतून लोधीखेड्याच्या आसपासचे बगीचे दिसले, झाडं संत्र्यांनी लदबदलेली, आणि मला वाटलं, कोणाच्या तरी अंगात फिरून राहिलो आपण.

निघताना डॉक्टर म्हणाली होती, "या फोडी बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून दुखतं. ही गोळी रोज द्या. आणि आजी, हिला ताण देऊ नका."

मी म्हटलं, "नाही देनार बाई. एवढीशी पोर, हिले ताण कसा सोसन?"

ज्याला बगीचा माहीत नाही त्याला सांगते. संत्र्याच्या झाडाला ताण देतात. म्हणजे बहर यायच्या आधी पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं वळतात, पाहणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. आणि अगदी आता गेलं असं वाटलं की ताण तोडतात, म्हणजे पाणी सोडतात. मग ते झाड अंगभर फुलतं. मी किती बगिच्यांत ताण पाहिले. त्या दिवसांत झाडाखाली बसावंसं वाटत नाही, ते आपल्याकडे तहानलेलं पाहत असतं.

तर मी घरी येऊन ताणाचा बंदोबस्त केला. उशाशी तांब्या, दप्तरात बाटली, झोपाळ्याच्या कडीला बाटली. खेळता खेळता बोलावून पाणी. सून म्हणायची, "मामीजी, पोरीचं पोट नाही, माठ आहे का?" शाळा सुरू झाली तर बाईची तक्रार, मुलगी सारखी सुट्टी मागते. मी म्हटलं, देत जा बाई, आमच्या घरात ताण चालत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं विचारलं, "पाणी छान पिते ही. गेल्या वेळी गर्दीत सांगायचं राहूनच गेलं होतं माझं. कोणी सांगितलं?"

"तुम्हीच तं. ताण देऊ नका म्हणाल्या ना?"

तिला पाण्याचा आणि ताणाचा मेळ लागेना. मग मी बगिच्याची गोष्ट सांगितली तशी टेबलावर डोकं ठेवून हसली. तिला म्हणायचं होतं धावपळ, थंडी, दमणूक, काळजी, तो ताण. म्हणाली, "आजी, तो ताणही नको आणि हा ताणही नको." दोन्ही नको, तर दोन्ही नको. आम्हाला काय.

गोळी मात्र सौसरच्याच सरकारी दवाखान्यात मिळू लागली, दर महिन्याला, फुकटात. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यावर फुलांचं चित्र, त्यात मी गोळ्या ठेवायची. डबा हलवला की आतून पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजावर पोरगी वाढत गेली. दुखणं पार गेलं नाही, पण लांब गेलं, पाहुण्यासारखं कधीतरी येऊ लागलं. ती शाळेत गेली, दोरीवरच्या उड्या शिकली, शेजारणीची नक्कल करायला शिकली.

आणि मग एका हिवाळ्यात डब्याचा आवाज बारीक झाला, आणि एक दिवस बंद झाला.

नर्सताई म्हणाली, "ऊपर से नहीं आई, माँजी."

हा 'ऊपर' कुठं असतो? आधी आमच्यासाठी वर म्हणजे छिंदवाडा. आता जिल्हा पांढुर्ण्याला झाला, तर वर म्हणजे पांढुर्णा. त्याच्या वर भोपाळ, त्याच्या वर दिल्ली. कोणाची चूक होती मला माहीत नाही, मी कोणाला नाव ठेवत नाही. पण दुपारी उन्हात डोळा लागला तेव्हा मी त्या जिन्यानं चढत गेली. चढता चढता पायऱ्या मऊ होत गेल्या, कापसाच्या झाल्या. सगळ्यात वर एक मोठं सारवलेलं अंगण होतं, आणि तिथं तूर वाळत घालावी तशा गोळ्या वाळत घातलेल्या. राखणीला बसलेला माणूस उन्हात डुलक्या घेत होता. मी म्हटलं, "भाऊ, थोड्या पदरात टाक, पोरगी थांबली आहे." त्यानं डोळे उघडले नाहीत, पण तोंडातल्या तोंडात म्हणाला, "खालून मागणी नाही आली." मी पदर पसरला तशी जाग आली. पदरात अंगणातल्या बोरीची पानं पडली होती.

दुखणं आलं ते त्याच आठवड्यात. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली, कोणाला हात लावू देईना, गोधडीचा कोपरा दातात धरला. मी नुसती जवळ बसली. ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, मी फोडी फोडी होऊन राहिली." मी गोधडीचा दुसरा कोपरा मुठीत धरून बसली.

दवाखान्यात सलाईन लागली, दुखणं उतरलं. पण गोळी नव्हती, आणि गोळी नसली तर ते फिरून येणार हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बाहेरच्या दुकानांत विचारलं, कोणाकडे नव्हती.

शेजारीण म्हणाली, "सरकारचं फुकट असंच असते बाई. देलं तं देलं."

"फुकट कोन म्हन्ते वो? चहापत्तीवर टॅक्स घेते, साबनावर घेते, तुह्या तंबाखूवर तं दाबून घेते. आपलंच आपल्याले देते."

"माह्या तंबाखूचं?" ती विचारात पडली. "म्हंजे माह्या तंबाखूवर पोरीची गोळी येते?"

"येत असन थोडी."

"मंग सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाही बापा आता!"

नागपूरला गेलो. तिथं औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं आमचं कार्ड उलटंसुलटं पाहिलं. म्हणाला, "तुम्ही तिकडचे. तुमच्या राज्यात मिळतं हे." बोलणं आमचं अगदी त्याच्यासारखं, पण आम्ही तिकडचे. आणि भोपाळकडचा कोणी आला की त्याला आम्ही इकडचे वाटतो, मराठी. आमचं असंच आहे, दोन घरांच्या मधल्या भिंतीवर बसल्यासारखं. मी म्हटलं, "भाऊ, फोडीवर लिहिलेलं नसते कोन्या राज्याची आहे ते." तो हसला नाही. डॉक्टरनं वरच्या साहेबाला चिठ्ठी लिहून दिली तेव्हा थोड्या दिवसांची गोळी मिळाली.

त्याच दिवशी तिनं मला बाजूला बसवून विचारलं. आमच्यासारख्या घरांतलं रक्त गोळा करून ती अभ्यास करत होती. एका घरात एकाला खूप दुखतं, दुसऱ्याला कमी, असं का? वाहकांच्या रक्तात काय आहे? द्याल का, आजी? मनात असेल तरच.

मला एकदम सुचलं. म्हटलं, "घ्या, पाहिजे तेवढं घ्या. पन पोरीची गोळी पक्की करून द्या."

तिनं माझा हात धरला. "असा सौदा नसतो आजी. रक्त दिलं नाही तरी गोळी तिला मिळायलाच पाहिजे, तो तिचा हक्क आहे. आणि रक्त दिलं तरी त्याचा फायदा हिला होईलच असं मी सांगू शकत नाही. झाला तर पुढच्या कोणाला, कित्येक वर्षांनी."

खोटं बोलली असती तर मी लगेच दिलं असतं. खरं बोलली म्हणून जरा थांबली. विचारलं, "हे ठेवता कुठं?"

तिनं दाखवलं. कपाटाएवढा फ्रीज, आतून धूर निघावा तशी थंडी. त्यात शेकडो माणसं बारक्या नळ्यांत झोपलेली. "याचं बिल कोन भरते?" मी विचारलं, कारण आमच्याकडे लाइट जाते तेव्हा मला पहिली आठवण बिलाची येते.

"सरकारच. अभ्यासाला काही वर्षांचा पैसा मंजूर आहे. नंतर पुन्हा मागायचा."

"अन् नाही देला तं?"

तिनं फ्रीजचं दार नीट बंद केलं.

कलम लावलं की संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. त्या वर्षांत बगिच्यातून हातात काहीच येत नाही, नुसतं पाणी जातं. कोणताही शेतकरी तिसऱ्या वर्षी मोटर बंद करून म्हणत नाही, अजून फळ काऊन नाही आलं. सरकारमध्येही कोणाच्या तरी घरी बगीचा असेलच की. मी बाही वर केली. सून म्हणाली, "मामीजी, भेव नाही वाटत?" मी म्हटलं, "कंडक्टर आहो आपन. न्यायचंच आहे कुठं, तं चांगल्या जागी तरी नेऊ."

सौसरला परतल्यावर आणलेली गोळी संपायच्या आधी मी आणि शेजारीण दवाखान्यात जाऊन बसलो. भांडायला नाही, नुसतं बसायला. स्वप्नातला माणूस बोलला होता ना, खालून मागणी नाही. रोज सकाळी स्वयंपाक आटोपला की दोघी जाऊन बाकावर बसायचो. नर्सताई म्हणायची, "माँजी, आप फिर आ गईं?" शेजारीण म्हणायची, "जाच करायले आलो, बाई. तुमचा." ताई हसायची आणि आमच्यासमोर फोन लावायची, पांढुर्ण्याला, आणखी कुठं कुठं. हळूहळू त्या बाकावर लोधीखेड्याची एक आई येऊन बसू लागली, तिचाही मुलगा असाच. मग रामाकोन्याची एक. बसून बसून आमच्या गप्पांना रंग चढला. एक दिवस घरी डाळ फोडणीला टाकत होती तर ताईचाच फोन, "आ गई माँजी, डिब्बा लेके आओ." त्या दिवशी डाळ जळली. जळो.

आता मिळते. पण महिना भरत आला की मी डबा हलवून कान लावते, आणि आम्ही बाया पुन्हा बाकावर जाऊन बसतो, आधीच. वरचा माणूस झोपायच्या आत.

तर आज सकाळचीच गोष्ट. फुलांचा वास होता, ऊन होतं, आणि पोरगी आपली बाटली मांडीवर घेऊन माझ्या रक्ताची चौकशी करत होती.

"आजी, तिथं त्याले पानी देतात का?"

"फ्रीजात कायचं पानी वो? थंडीत गोठवून ठेवलं ते."

ती ताठ बसली. आमच्या घरात वाढलेली पोर, तिला या गोष्टीचा राग येणारच. "म्हंजे? ताण देऊन राहिले त्याले?"

इतके दिवस मी माझ्या रक्ताला झोपलेलं समजत होती. आणि आता डोळे मिटले तर दिसलं, पानं वळलेली, अंग आखडून घेतलेलं, काचेच्या बगिच्यात गप्प उभं. किती तरी झाडं, रांगेत.

"हाव," मी म्हटलं. "माह्या रक्ताले ताण आहे. तुले नाही. त्यानं तुह्या वाटचा घेतला."

तिनं जरा विचार केला. "मंग बहर कधी येईन?"

"अभ्यास पुरा होईन, ताण तोडतीन, तवा."

"कोन तोडन?"

शेजारणीनं कुंपणावरून हाक मारली, "चला वो, दवाखान्यात बसाले जाचं नाही का?" मी डबा घेतला. पोरगी अजून माझ्याकडे पाहत होती, उत्तराची वाट पाहत. मी तिच्या मांडीवरची बाटली उघडून हातात दिली.

"तू पानी पी," मी म्हटलं.